सगुणाआत्याचं दही

सगुणाआत्या गेल्यापासून गावात जो तो तिला देवमाणूस म्हणायला लागला आहे. मला त्याचा राग येतो. देवमाणूस कसली? चांगली भांडखोर बाई होती. पाटील तिच्या तोंडी लागत नसत, भटजी तिला बघून वाट बदलत, आणि आमचे हे शाळेतून येताना तिचं घर टाळून शेताच्या बांधावरून येत. आता ती उलटून बोलायला नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या जिभा गोड झाल्या आहेत. ती असती तर आधी ह्या देवमाणूस म्हणणाऱ्यांनाच तिनं फैलावर घेतलं असतं.

गाव तसं आमचं नव्हे, ह्यांच्या बदलीचं. कर्जत आणि खालापूर यांच्या मधलं, अंगणात उभं राहिलं की इर्शाळचा सुळका दिसतो त्या गावांतलं एक. शाळेत हेच मास्तर आणि हेच शिपाई. मी लग्न होऊन पेणहून तिथे आले तेव्हा शेजारच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं की सगुणा सुईणीशी वाद घालू नकोस. मला वाटलं, सुईण म्हणजे कुणी कजाग म्हातारी असेल. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दातांना मिश्री, आणि कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कंबर बरी हाय. भिऊ नको." एवढंच बोलून घागर उचलून गेली. मी लाजेनं अर्धी झाले.

गावातलं तिशीच्या आतलं बहुतेक सगळं माणूस तिच्या हातून जगात आलं होतं, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. चारचौघांत मिशीला पीळ देऊन उभ्या असलेल्या गड्याला ती हाक मारून विचारी, "काय रं, तू निळा पडला हुतास तो ना?" चांगले कर्ते पुरुष तिच्यासमोर शाळकरी पोरासारखे अंग चोरत. पाटील तिच्या बरोबरीचे, तिच्याहून थोडे लहान. ते तिच्या हातून जन्मले नव्हते, तर त्यांना सांगायला तिच्याकडे वेगळंच होतं. चावडीत एकदा त्यांनी आवाज चढवला तेव्हा ती म्हणाली, "पाटला, बोरीखाली तुझं नाक मी पुसलंय. हळू बोल." ती गावची लेक, म्हणून लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. पाटीलही चारचौघांत तेच म्हणत.

त्या कुंकवाची गोष्ट मला पुढे कळली. तिचा नवरा फार वर्षांपूर्वी एका पलटणीबरोबर खेचरं हाकायला म्हणून सरहद्दीकडच्या कुठल्याशा लढाईत गेला, तो परत आला नाही. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याचीही नाही. सासरच्यांनी काही वर्षं वाट पाहिली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दिवस घातले. ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याचं असं करतात. पुतळा पेटवला त्या दिवशी ही नदी ओलांडून माहेरी निघून आली, कपाळावर कुंकू तसंच ठेवून. सासूला म्हणाली, "माझा नवरा तुमी जाळलात. मी नाय जाळला."

म्हणजे सासरी ती विधवा, स्वतःच्या मनानं सवाष्ण, आणि आमच्या गावानं दोन्ही गोष्टी सोयीनं धरून ठेवलेल्या. बाळंतपणाला आत्या पहिली. बारशाला मात्र तिचं पान दाराशी. हळदीकुंकवाला तर बोलावणंच नाही. तिला ते लागत असे, खूप लागत असे. संक्रांतीला बायका नटूनथटून घरोघर जायला निघाल्या की ही ताजं कुंकू लावून आपल्या ओट्यावर येऊन बसे, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला दिसेल अशी. पहिल्या वर्षी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिसली म्हणून मी तिला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर वालाच्या शेंगांची ओंजळ येऊन पडायला लागली. शेजारणींनी मला चार शब्द सुनावले, पण शेंगा गोड होत्या आणि मी मुळात हट्टी आहे.

मग जर्मनची लढाई सुरू झाली. सुरुवातीला ती आमच्यापर्यंत नुसती बातमी म्हणून आली, नंतर भरतीवाले म्हणून. मामलेदारांनी पाटलांना सांगितलं की गावातून पोरं द्या. पाटलांनी उदाहरण घालून द्यायचं म्हणून आपल्या धाकट्याचं, शिवरामचं, नाव पहिलं दिलं. मास्तरांना भाषण करायचा हुकूम आला. आमचे हे स्वभावानं भित्रे. मुंगी मेली तर हळहळणारा हा माणूस, स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहून शौर्याच्या गोष्टी पाठ करायला लागला. मी आमटी ढवळत ऐकायची. "वीरांनो" हा शब्द आला की दरवेळी ह्यांचा आवाज चिरके.

एका संध्याकाळी सगुणाआत्या आमच्या ओट्यावर येऊन बसली. भाषणाचं तिला कळणारच होतं. तिनं ह्यांना विचारलं की जर्मननं आमच्या बांधावरून काय उपटून नेलं. ह्यांनी तिला राजा, राज्य, कर्तव्य असं बरंच समजावलं. ती मिश्री थुंकून म्हणाली की राजानं आपली पोरं आधी पाठवावीत. मग ह्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. तो त्या वेळी कर्जतपासून खालापूरपर्यंत प्रत्येक चावडीत ऐकू येत होता. हे म्हणाले, "आत्या, पोरं आता जाणारच आहेत. अशा वेळी लढाईला नावं ठेवणं म्हणजे आपल्याच पोरांच्या पाठीत वार करणं. पोरांच्या बाजूचं असायचं तर लढाईच्या बाजूचं व्हायला हवं."

आत्या म्हणाली, "मास्तर, बाय अडते तवा मी सारी रात तिच्याजवळ बसते. तिचा हात सोडत नाय. तवा मी बायच्या बाजूनं असते. कळांच्या बाजूनं नसते."

मला आतून हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. त्यानंतर किती विद्वान माणसांना याच मुद्द्यावर हमरीतुमरीवर येताना मी ऐकलं, पण त्या ओट्यावर जे ऐकलं त्यापुढे मला काहीच पटलं नाही.

मामलेदारांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. ज्या बाईनं ही सगळी पोरं जन्माला घातली, म्हणजे ज्या सुईणीनं, तिनंच त्यांना भरतीच्या मांडवात ओवाळावं. लोकांवर छाप पडेल. भटजींनी अडचण काढली की तिच्या सवाष्णपणाचा प्रश्न आहे. पाटील म्हणाले, तो मी सोडवतो. त्याच संध्याकाळी ते आत्याकडे गेले. तिचं घर आमच्या परसाला लागून, त्यामुळे कुडापलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. मी ऐकत होते हे लपवत नाही.

पाटलांनी शब्द दिला की तू ओवाळ, उद्यापासून तुझं कुंकू गावात कुणी विचारणार नाही. पाटलाच्या वाड्यावर हळदीकुंकवाचा पहिला मान तुझा. बारशाला, लग्नाला, ओटी भरायला तू पुढे. मी मनात म्हटलं, आत्या, घे गं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ओट्यावर बसलीस ते घरी चालत आलंय.

आत्यानं विचारलं, "इतकी वर्षं कुठं हुतं माझं कुंकू?"

पाटील नुसते खाकरले.

"माझा घरवाला असल्याच एका लढाईनं नेला. आता त्याच्या नावाच्या कुंकवानं मी दुसऱ्या बायांचे न्यायचे? नाय जमायचं, पाटला. घरला जा."

पाटील रागानं उठले. जाताना म्हणाले की मग गावात तुला कुणी दारात उभी करणार नाही. ती म्हणाली, आत्ता कोण करतंय.

भरतीच्या दिवशी चावडीसमोर टहाळ्यांचा मांडव घातला. मामलेदार खुर्चीवर, शेजारी बिल्लेवाला जमादार, ताशे, पताका. ह्यांचं भाषण झालं. "वीरांनो" ला आवाज चिरकलाच. पाटलीणबाई ताट घेऊन ओवाळायला पुढे आल्या, आणि तेवढ्यात आत्या बायकांतून उठून मध्ये उभी राहिली. मामलेदारांना तिनं रामराम केला. मग पोरांकडे वळून एकेकाचं नाव घेत म्हणाली, "जाऊ नका रं. मी नको म्हनते. समद्यांसमोर म्हनते, मागनं म्हनत नाय." जमादारानं तिला बाजूला ओढलं. मांडवात एकच गलका झाला. ज्यांची पोरं चालली होती तेच बाप तिच्या अंगावर धावून गेले, की आमच्या पोरांना अपशकुन करतेस. पोरं खाली बघत राहिली. एकही मागे फिरला नाही. घरात खायला तोंडं जास्त आणि भात कमी असला की पलटणीचा पगार दिसतो, हेही खरं होतं.

पोरांना घरी जाऊ न देता तिथूनच बैलगाड्यांत बसवून कर्जतला नेलं. हे निरोप द्यायला म्हणून मागच्या गाडीत होते, म्हणून पुढचं मला ह्यांच्याकडून कळलं. पुण्याकडे जाणारी आगगाडी कर्जतला थांबते, घाट चढायला मागून आणखी इंजिन जोडतात. त्या थांबलेल्या वेळात फलाटावर सगुणाआत्या उभी. पायवाटेनं, दहिवलीवरून, डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन ती गाड्यांच्या आधी पोचली होती. घरातून कुणी लांब निघालं की हातावर दही घालतात, तेवढंही पोरांना कुणी घालू दिलं नाही याचा तिला संताप आला होता. ती खिडकीखिडकीशी जाऊन म्हणे, "मी नको म्हनलं हुतं. आता हात पुढं कर." पोरगा हात पुढे करी. "येतो म्हण." तो येतो म्हणे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली दोन पोरं वेगळ्या डब्यात बसवली होती. तिकडे जाऊन त्यांच्याही हातावर तिनं तसंच दही घातलं. पाटलांनी ते पाहिलं, हवालदारानंही पाहिलं. हवालदार हटकायला पुढे आला, तर तिनं त्यालाच विचारलं की तुझी आई कुठल्या गावची. तो तसाच मागे फिरला.

शिवराम पाटलाच्या खिडकीशी ती गेली तेव्हा त्यानं मूठ मिटून घेतली. हळूच म्हणाला, "आत्या, मला नको. आबा बघतायत."

आबा म्हणजे त्याचे वडील, पागोटं बांधून फलाटावर ताठ उभे. आत्यानं त्याला आग्रह केला नाही. त्याच्या वाटचं दही मडक्यात परतही टाकलं नाही. आपल्याच तळहातावर धरून ती गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली, आणि गाडी घाटाकडे गेल्यावर ते फलाटावरच्या कुत्र्याला घातलं. हे सांगताना ह्यांचा घास हातातच राहिला होता.

पाटलांनी बोलल्याप्रमाणे तिला वाळीत टाकलं. तिला कुणी बोलवायचं नाही, गरज लागली तर लोधिवलीची सुईण आणायची. आता लोधिवलीची सुईण काही पोटातल्या पोराला थांब म्हणू शकत नाही. पहिलीच बाई अडली तेव्हा घरच्यांनी गुपचूप आत्याला निरोप धाडला की परसदारानं ये. आत्या निघाली ती थेट गावातल्या मोठ्या वाटेनं, मोठ्यानं खाकरत, पुढच्या अंगणातून ओट्यावर चढली. घरधनी हात जोडून मागच्या दाराकडे खुणा करत होता. ती म्हणाली, "पोर मागच्या दारानं येत नाय, मी कशाला येऊ?" पुढे हेच चाललं. माझ्या वेळी नदीला पूर होता, माहेरी जाणं राहून गेलं. हे स्वतः तिला बोलवायला गेले, तेही दिवसाढवळ्या, टोपी घालून, पुढच्या वाटेनं. मांडवात भरतीचं भाषण केलेला माणूस तिच्या मागून छत्री धरून येताना सगळ्या गावानं पाहिला. माझ्या कळांत मला ते दिसलं आणि माझ्या नवऱ्याबद्दल मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे कधी वाटला नाही. मुलगी झाली. आत्या तिला न्हाऊ घालताना म्हणाली, "बरं झालं, हिला कुनी भरतीला न्यायचा नाय."

आणखी एक सांगायलाच हवं. मांडवात जयजयकार करणारे पुष्कळ होते. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मात्र, ज्यांची पोरं लढाईवर गेली त्यांची रोपं वाफ्यातच वाढत राहिली. लावायला हात नव्हते. आत्या घरोघर फिरून बायका गोळा करी आणि त्या शेतांत उतरे. स्वतः पुढे, मागे आम्ही. मी भटाची बाई, चिखलात कधी पाय घातला नव्हता, मीही गेले. एका दिवशी हेही धोतर खोचून आले आणि पहिल्याच वाफ्यात बसकण मारली. आत्या इतकी हसली की तिला खोकला आला. तिनं शिवरामच्या वाटणीचा तुकडाही लावला. पाटील बांधावर येऊन उभे राहिले आणि तसेच परत गेले.

दुसऱ्या वर्षी कचेरीचा शिपाई पाटलांकडे बातमी घेऊन आला. शिवराम बसऱ्याच्या बाजूला कुठेतरी पडला होता. वाड्यावर रडारड झाली. प्रेत नाही म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला. आत्याच्या कानावर ते गेलं आणि ती वाड्याच्या पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जाळू नका म्हणाली. पाटलीणबाईंनी तिला नाही नाही ते ऐकवलं. तुझ्या तोंडामुळे माझा पोर गेला, आणि एकट्याच्या हातावर दही पडलं नाही तोच गेला, असंही म्हणाल्या. त्यावर आत्या म्हणाली, "दह्यानं गोळी आडत नाय, वैनी. आडली असती तर मी दह्याचं तळं केलं असतं." तिला बाहेर काढलं. पुतळा जळला. शिवरामची बायको सखू, विशीतली पोर, तिचं कुंकू पुसलं आणि बांगड्या फोडल्या. आत्या त्या दिवशी नदीच्या पात्रात एका दगडावर एकटीच बसून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "मला परत सारं दिसलं गं." तिला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

लढाई संपली, पोरं परत यायला लागली. काही आली, काही नाहीत. आणि एका सकाळी गावाच्या वेशीवरच्या आंब्याखाली शिवराम पाटील येऊन बसला.

गुराख्यांची पोरं भूत म्हणून पळत सुटली. तो तुर्कांच्या कैदेत होता, तिथून सुटून आला होता, हे त्याच्याजवळच्या कागदावरून कळलं. हाडांचा सापळा, उजव्या हाताची करंगळी नाही. आई धावत गेली तर भटजींनी वाटेतच अडवलं. ज्याचं क्रियाकर्म झालं तो मेलेला. त्याला उंबरा ओलांडता येणार नाही. त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल, सुईणीच्या हातून न्हाऊन, नाळ कापून, नाव ठेवून, आणि मग बायकोशी पुन्हा लग्न. शास्त्रच तसं होतं. सगळं गाव चावडीपाशी जमलं आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. बोलायचं कुणी, हा प्रश्न होता.

पाटील स्वतः गेले. तिच्या पुढच्या दारात पागोटं काढून उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता आत्या पाटलांची चांगली परीक्षा घेणार. तिनं नुसता पदर खोचला आणि त्यांच्या पुढे चालायला लागली. चावडीशी आल्यावर मात्र म्हणाली की घंगाळ मांडायचं ते इथेच, जिथं भरतीचा मांडव घातला होता तिथं. आणि बाळंतपणात पुरुषांचं काम नाही. पाटील, भटजी, मास्तर, सगळे नजरेआड झाले. आम्ही बायकांनी चारी बाजूंनी चादरी धरल्या. एक टोक माझ्या हातात होतं.

शिवराम घंगाळात गुडघे छातीशी घेऊन, मुठी मिटून बसला. भटजींनी सांगितलं होतं की गर्भासारखं बसायचं, बोलायचं नाही. तसाही तो आल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता. आईला नाही, बापाला नाही. आत्यानं ऊन पाणी घालून त्याचं अंग चोळलं. त्याच्या पाठीवरच्या खुणा पाहून आमच्यातली एक मागे सरली, आत्याचा हात थांबला नाही. तिनं दोरा बांधला, विळ्यानं कापला. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "रड."

तो तसाच बसला.

तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली, जन्मलेलं पोर रडलं नाही की मारतात तशी. "रड रं शिवराम. रडल्याबिगर जन्म नाय." पुन्हा थाप मारली. आणि तो रडायला लागला. आधी घशातून नुसता आवाज, मग मोकळा, मोठ्यानं, थांबेचना. चादरीपलीकडे गेलेल्या सगळ्या पुरुषांना ते ऐकावं लागलं. आत्या त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली आणि त्याला एकदाही गप्प हो म्हणाली नाही.

मग तिनं सखूला बोलावलं. कुंकवाची कुयरी पुढे आली, आणि पहिलं बोट कोण लावणार म्हणून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाटलीणबाईंनी कुयरी आत्याच्या हातात दिली. आत्यानं ती बाजूला ठेवली. स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवावर बोट टेकलं आणि ते सखूच्या कपाळाला लावलं. बाहेर येऊन ती पाटलांना म्हणाली, "मुलगा झाला. जिता हाय. आता कुनाला देऊ नको."

पुढच्या संक्रांतीला पाटलांच्या वाड्यावरून पहिलं बोलावणं तिला आलं. ती गेली. बरोबर अशा दोघींना घेऊन गेली ज्यांचे नवरे आले नव्हते आणि ज्यांचा काही पत्ताही लागला नव्हता. त्यांना आधी लावा, मग मला, म्हणाली. लावावं लागलं.

शिवराम नंतर शेती करू लागला. माणूस शांत, जवळजवळ मुकाच. लढाईबद्दल त्याच्या तोंडून कुणी काही ऐकलं नाही. त्याला मुलगा झाला, नामदेव, तोही आत्याच्याच हातून. आमची बदली झाली, आणि ह्यांना पेन्शन मिळाल्यावर आम्ही दहिवलीत घर केलं.

दुसरी लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात मी नात दाखवायला गावी गेले होते. चावडीसमोर भरतीची लॉरी उभी. तीच जागा, फक्त टहाळ्यांच्या मांडवाऐवजी कापडी शामियाना. नामदेवनं नाव दिलं होतं. बापानं नको म्हटलं असेल तर ते घरातल्या घरात, कारण शिवराम नेहमीसारखा खाली बघून उभा होता. सगुणाआत्याला तोवर दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तरी तिनं दोन गड्यांकडून स्वतःला खुर्चीत बसवून चावडीपर्यंत उचलून आणवलं होतं. कुंकू तिनं चाचपून लावलं होतं, ते भुवईच्या वर एका बाजूला गेलं होतं. मी ते सरळ केलं नाही. मांडीवर दह्याची वाटी होती.

भरतीच्या साहेबाला ऐकू जाईल एवढ्यानं ती म्हणाली, "नामदेवा, मी नको म्हनते. तुझ्या आज्याला म्हनलं, तुझ्या बापाला म्हनलं, तुला बी म्हनते." शामियान्यातले लोक हसले. कुणीतरी म्हणालं, म्हातारीचं तेच तुणतुणं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. "आता हात पुढं कर. कुठं हाय हात?"

नामदेव खाली वाकला आणि त्यानं तळहात तिच्या बोटांखाली धरला. तिनं दही घातलं.

"येतो म्हण."

"येतो, आत्या."

तो लॉरीकडे गेला. आत्या वाटी मांडीवर ठेवत होती, तेवढ्यात आणखी एक हात तिच्यापुढे आला. जाड, कामानं राठ झालेला, पिकल्या केसांच्या माणसाचा. "ह्यो कुनाचा गं?" तिनं मला विचारलं. मी सांगायच्या आत तिनं तो हात हातात घेऊन चाचपला. अंगठा, बोटं, आणि करंगळी असायची ती रिकामी जागा. तिथं तिचं बोट थांबलं.

"तुझं ऱ्हायलंच हुतं की रं," ती म्हणाली आणि वाटीच्या तळाशी उरलेलं सगळं दही तिनं त्याच्या हातावर घातलं.